मामीच्या पिशव्या

मामीच्या स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कप्प्यात, पिशव्यांची एक पिशवी आहे. कुठल्या मराठी घरात नसते? जूनच्या अखेरीस मी तिच्याकडे गेले तेव्हा ती पिशवी डायनिंग टेबलावर उपडी केलेली होती आणि मामी त्यातून धड, न फाटलेल्या पिशव्या निवडत बसली होती. एकीत चिवडा, एकीत भाकरवडी, एकीत मामाच्या चपला, आणि ओले कपडे झाले तर असाव्यात म्हणून दोन जादाच्या. मामा-मामी ऑगस्टमध्ये केनियाला निघाले होते, गणपतीच्या आत परत यायच्या बेताने. मामा एकोणसत्तर, मामी सहासष्ट. बँकेत नोकरीला होता तेव्हापासून मामा टीव्हीवर ती विल्डबीस्टची झुंड नदी ओलांडताना बघत आलाय. निवृत्तीनंतर एकदा तरी मसाई मारा, हे त्याचं कधीचं ठरलेलं.

“तू पेपरात लिहितेस ना,” मामी एका पिशवीची घडी घालत म्हणाली, “मग सांग, तिथे सेफ आहे ना गं?”

“आधी या पिशव्या ठेवून दे,” मी म्हटलं.

तिला वाटलं मी विषय टाळतेय. पण २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती आपल्याकडच्या बंदीसारखी नाही. कायद्यात चार वर्षांपर्यंतची कैद आणि चाळीस लाख केनियन शिलिंगांपर्यंतचा दंड लिहिलेला आहे. पर्यटकाला काही कुणी तुरुंगात टाकत नाही, विमानतळावर पिशवी काढून घेतात. पण अख्ख्या रांगेसमोर बॅग उघडून, भाकरवडी बाहेर काढून. मामीने टेबलावरच्या ढिगाकडे पाहिलं. सिंह, दंगल, विमान, आजार अशी तिची भीतीची यादी पाठ होती. सिंकखालचा कप्पा त्या यादीत नव्हता.

२०२५ चा जून तसा कुणाचीही भीती वाढवणाराच होता. १२ तारखेला अहमदाबादला विमान कोसळलं. १३ ला इस्रायलने इराणवर हल्ला केला. पुढच्या काही दिवसांत आपल्या सरकारने ‘ऑपरेशन सिंधू’ हाती घेतलं आणि दोन्ही देशांतून चार हजारांहून जास्त भारतीयांना परत आणलं. २३ च्या रात्री इराणची क्षेपणास्त्रं कतारमधल्या अमेरिकी तळाच्या दिशेने निघाली, कतारने आपलं आकाश बंद केलं, आणि दोहामार्गे निघालेले लोक जिथे होते तिथे अडकले. २५ ला खुद्द नैरोबीत तरुण पोरं रस्त्यावर उतरली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. हे सगळं मामीने दिवाणखान्यात बसून, जेवणाच्या वेळी पाहिलं होतं.

याच महिन्यात, ९ जूनला, केनियातच आणखी एक गोष्ट घडली. कतारहून फिरायला आलेल्या अठ्ठावीस भारतीयांची बस न्यांडारुआ भागात पावसात ताबा सुटून दरीत गेली. पाच भारतीय गेले. नैरोबीतल्या निदर्शनांशी त्यांचा काही संबंध नव्हता, सिंहाशी तर नव्हताच. मामीच्या घरात ही बातमी कुणी पाहिली नव्हती. मी विचारलं, तर मामा म्हणाला, “बस का? बस काय, कुठेही पडते.”

तेच तर.

‘तिथे सेफ आहे ना’ या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी बऱ्याच देशांनी खाती उघडून ठेवलीत. अमेरिकेचं परराष्ट्र खातं जगाला चार पायऱ्यांवर बसवतं: पहिलीवर नेहमीची काळजी, दुसरीवर जास्तीची सावधगिरी, तिसरीवर फेरविचार, चौथीवर जाऊच नका. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया आपापली पानं चालवतात. आपलं परराष्ट्र मंत्रालय अशी कायमची वर्गवारी करत नाही; काही घडलं की त्या देशापुरती सूचना काढतं आणि वकिलातीचे मदतीचे नंबर देतं. मामाने अमेरिकेच्या यादीतलं केनियाचं पान छापून, हायलायटरने रंगवून ठेवलं होतं. निम्मं पान पिवळं झालं होतं.

मी त्याला म्हटलं, आधी भारताचं पान वाच.

भारतही दुसऱ्याच पायरीवर. केनियाही. फ्रान्ससुद्धा, आणि पाच वर्षांपूर्वी हीच मामी आयफेल टॉवरखाली निर्धास्तपणे वडापावची गाडी शोधत होती. भारताच्या पानावर नक्षलवादाचा एक परिच्छेद आहे. त्यात धोक्याचा पट्टा पूर्व महाराष्ट्र आणि उत्तर तेलंगणापासून पश्चिम बंगालच्या पश्चिम भागापर्यंत जातो असं लिहिलेलं आहे. मामीचं माहेर चंद्रपूर.

“म्हणजे आमचं घर?” ती म्हणाली. दर मे महिन्यात ती तिथे जाते, तिच्या मते चंद्रपुरात धोका एकच, तो म्हणजे ऊन.

परकी माणसं आपल्या गावाबद्दल काय लिहितात ते एकदा वाचलं की अशा कागदांकडे बघायची नजर बदलते. ते खोटं लिहीत नाहीत. गडचिरोलीच्या जंगलात जे घडलं ते घडलंच आहे, जरी अलीकडे तिथलंही चित्र पालटत असलं. पण अंमळ जाड ब्रशने लिहितात, आणि लिहिताना अमेरिकी वाचकाची आणि स्वतःच्या जबाबदारीची काळजी जास्त घेतात. केनियाच्या पानावरच्या सर्वांत कडक ओळी सोमालियाच्या सीमेलगतच्या भागासाठी आहेत: गारिसा, वाजिर, मांडेरा. मसाई मारा देशाच्या दुसऱ्या टोकाला, नैर्ऋत्येला, टांझानियाच्या सीमेवर. केनिया क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. मामाला नकाशा काढून दिल्यावर त्याने पट्टीने अंतर मोजलं, बँकेतला माणूस. मग त्याचा आवाज जरा खाली आला. मामीच्या डोक्यात ‘तो इबोला’ होता. २०१४ ची ती मोठी साथ पश्चिम आफ्रिकेत होती, आणि लायबेरियाच्या राजधानीपेक्षा आपली मुंबई नैरोबीला जवळ आहे.

नैरोबीत काही झालेलंच नाही असंही नाही. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये वेस्टगेट मॉलमधल्या हल्ल्यात सदुसष्ट माणसं मारली गेली, त्यांत भारतीय वंशाचीही होती. अशा जोखमीवर प्रवाशाच्या हातात फारसं नसतं. निदर्शनाचा दिवस माहीत असेल तर हॉटेलातच थांबायचं, इतकंच. २५ जून ही तारीख केनियात आदल्या वर्षीच्या संसदेवरच्या मोर्चामुळे सगळ्यांना ठाऊक होती. त्या दिवशी शहराच्या मध्यात भटकायचं नाही हे टॅक्सीवाल्यालाही माहीत होतं. हातात असतो तो रस्ता. आणि तिथेच आपण काही विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर वर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. परदेशात गेलेल्या धडधाकट अमेरिकनांच्या अनैसर्गिक मृत्यूंचं पहिलं कारण त्यांच्याच आरोग्य खात्याने लिहून ठेवलंय: वाहन अपघात. आपल्याकडे असा हिशेब कुणी नीट मांडत नाही. पण जळगाव जिल्ह्यात वेगळी आकडेवारी दाखवायची गरज नाही. २३ ऑगस्ट २०२४ ला, ऐन श्रावणात, भुसावळ भागातल्या भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. सत्तावीस जण गेले. वायुसेनेच्या विमानाने मृतदेह महाराष्ट्रात आले. त्याच्या सहाच आठवडे आधी, त्याच महामार्गांच्या जाळ्यावर, दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. नेपाळच्या डोंगरात आपल्यासारखाच मोसमी पाऊस पडतो आणि रस्ते नदीच्या काठाकाठाने जातात. श्रावणात पशुपतिनाथाला जायचं पुण्य मोठं, हे खरं. पण आपल्याच वरंध घाटात श्रावणात रात्रीची बस काढायची म्हटली तर घरचा कुणीतरी हात धरतो. सीमा ओलांडली की तो हात सुटतो.

नैरोबीहून माराला जाणारा रस्ता आधी रिफ्ट खोऱ्याचा कडा उतरतो. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेला हा घाट. वाटेत त्यांनी बांधलेलं इवलंसं चर्च आजही आहे, पर्यटक तिथे फोटो काढतात. खाली माई माहियू, मग नारोक, मग मारा. पाच-सहा तास. ट्रक भरपूर, ओव्हरटेकिंग आपल्याला घरच्यासारखं वाटेल असं. त्या वाटेवर अंधारात नसावं, हे तिथल्या कुठल्याही अनुभवी गाडीवानाचं म्हणणं.

म्हणून मामाला मी टूर कंपनीला विचारायला तीन प्रश्न लिहून दिले. गाडी दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचते का? प्रत्येक सीटला चालू पट्टा आहे का, मागच्याही? सलग किती तास एकच चालक? मामाने स्पीकर लावून फोन केला. पलीकडच्या मुलीने नाश्त्याला जैन पर्याय आहे, कॉन्टिनेंटल आहे, पराठे आहेत, हे न विचारता सांगितलं. पट्ट्यांचं विचारल्यावर ती म्हणाली, “सर, लक्झरी व्हेइकल आहे.” मामाने पुन्हा विचारलं. पुन्हा लक्झरी. तिसऱ्या खेपेला तिने वरिष्ठांना फोन दिला, आणि दोन दिवसांनी मेल आला: वाटेतल्या नैवाशाचा मुक्काम वाढवलाय, मारापर्यंतचा प्रवास सकाळी. आमच्यामुळे तो कार्यक्रम बदलला असं मी म्हणणार नाही. पण कुणीतरी विचारलं होतं, एवढं नक्की. मेन्यू विचारणाऱ्या मराठी पर्यटकाला कंपनी मेन्यू देते.

तरुण मंडळींचा रस्ता वेगळा. त्यांना बाली किंवा फुकेतला भाड्याची स्कूटर लागते. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, वर्षभर चालतो. पण मूळ परवान्यावर दुचाकीचा वर्ग नसेल तर तिथल्या पोलिसाच्या आणि विमा कंपनीच्या लेखी तुम्ही विनापरवाना. दुकानदार तारण म्हणून पासपोर्ट मागतो. देऊ नये. स्कूटरला ओरखडा निघाला की सौदा त्याच्या हातात जातो. पायी चालणाऱ्याची चूक याहून साधी: आपण रस्ता ओलांडताना आयुष्यभर आधी उजवीकडे बघतो. पॅरिसमध्ये, हनोईत गाडी डावीकडून येते. लंडनमध्ये वाहतूक आपल्यासारखीच, पण तिथे बाहेरच्यांसाठी फुटपाथच्या कडेला रस्त्यावरच लिहून ठेवलंय कुठे बघायचं ते.

केनियाला निघालेल्या कुणाला पिवळ्या तापाची लस मात्र टाळता येत नाही. पुण्यातल्या सरकारी केंद्रात ती ठरावीक वारीच मिळते. त्यामागे आळस नाही. एका कुपीत अनेक डोस असतात, कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं गोळा करून एका दिवशी टोचतात. जुलैतल्या त्या सकाळी बाकावर आमच्यासोबत दोन जहाजावरचे खलाशी होते, टांझानियात कारखाना टाकायला निघालेले एक गृहस्थ, आणि नायजेरियातल्या नवऱ्याकडे निघालेली एक मुलगी. तिच्या मांडीवर बाळ. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत, म्हणून ती तारखांचा हिशेब करत होती.

मामा रांगेत कुरकुरत होता. केनियाला त्याची एवढी पडलेली नाही, मग आपलंच सरकार एवढं कडक का?

कारण मोठं रंजक आहे. भारतात पिवळा ताप नाही, कधीच आलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस डास मात्र आपल्या कुंड्यांखालच्या बशीत, टायरमध्ये, कूलरमध्ये नांदतोय, डेंग्यू त्याचाच. म्हणजे चूल पेटवून, सरपण रचून ठेवलंय, फक्त काडी लागायची बाकी आहे. एक माणूस विषाणू अंगात घेऊन मुंबईत उतरला आणि अंधेरीतल्या डासाने त्याला चावलं, तर पुढे कोट्यवधी लोक असे, ज्यांच्या शरीराची या विषाणूशी ओळखच नाही. म्हणून साथीच्या देशातून येणाऱ्याजवळ प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. सहाच, कारण आजार बाहेर पडायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. सफारीहून थकून आलेल्या माणसाला विमानतळावरून थेट विलगीकरणात नेलं तर पुढचा आठवडा काय होईल, विचार करा. टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावं लागे.

ही लस जिवंत, पण अशक्त केलेल्या विषाणूची आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्याला गंभीर दुष्परिणामांची शक्यता थोडी वाढते, म्हणून तिथल्या डॉक्टर बाईंनी मामाला आत बोलावून सगळं विचारलं: अंड्याची ॲलर्जी, स्टेरॉइड, थायमस ग्रंथीचा आजार. मामाने आपल्या हृदयातल्या स्टेंटचं सांगितलं का, हे मला बाहेर बसून कळलं नाही. त्या स्टेंटबद्दल पुढे.

मलेरियाच्या गोळ्यांबद्दल मामाचं मत होतं की आपण कोथरूडचे डास पचवलेत. आफ्रिकेतला फाल्सिपॅरम मलेरिया वेगळा. तो मेंदूपर्यंत जातो, आणि त्याला वेळ लागत नाही. गोळी निघायच्या आधी सुरू करायची, आल्यावरही औषधाप्रमाणे एक ते चार आठवडे घ्यायची. लोक घरी आले की बंद करतात. आणि परतल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर फॅमिली डॉक्टरला पहिलं वाक्य ‘आफ्रिकेला जाऊन आलो’ हे सांगायचं. नाही तर ते बिचारे व्हायरल म्हणून तीन दिवस बघत बसतात.

पाण्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण समुद्राबाबत मराठी माणूस परदेशात गेला की कोकण विसरतो. नारळी पौर्णिमेच्या आधी कोळी होडी पाण्यात घालत नाही. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीला सरकारची बंदीच असते. हाच मोसमी वारा आणि हाच अरबी समुद्र पलीकडे ओमानच्या सलालाहला धडकतो. तिथे त्या ऋतूला खरीफ म्हणतात. वाळवंट हिरवं होतं, ढग उतरतात, आणि उन्हाने भाजलेल्या दुबईतले लोक, त्यांत आपलेही, जुलैत गाड्या काढून तिकडे जातात. १० जुलै २०२२ ला मुघसैलच्या कड्यावर काही भारतीय पर्यटक फोटोसाठी सुरक्षेच्या कठड्यापलीकडे गेले आणि एका लाटेने त्यांना ओढून नेलं. त्यात महाराष्ट्रातून गेलेल्या एका कुटुंबातला बाप आणि त्याची दोन लहान मुलं होती. तो व्हिडिओ इथल्या घराघरांत फिरला. मी तो पुन्हा पाहिला नाही. रत्नागिरीच्या खडकावर जुलैत आपण मुलांना घेऊन असे उभे राहिलो असतो का?

फुकेतचा किनाराही त्याच मोसमी वाऱ्याच्या तोंडी. मे ते ऑक्टोबर तिथे लाल झेंडे लागतात. स्वस्त पॅकेजही नेमकं त्याच महिन्यांत मिळतं. ओढीचा प्रवाह कसा असतो हे गोव्याचे जीवरक्षक रोज ओरडून सांगतात: लाटा फुटत असताना मधेच जो पट्टा शांत, गुळगुळीत दिसतो, तिथूनच पाणी परत आत जात असतं. पोहायला उतरणारा नेमका तो शांत पट्टा निवडतो. ओढ लागली तर काठाकडे जीव खाऊन हातपाय मारून काही होत नाही, दमायला होतं. काठाला समांतर पोहत बाजूला व्हायचं, मग लाटांबरोबर बाहेर. हे दोन वाक्यांत सांगून होतं. पण कंबरेएवढ्या पाण्यात, ग्रुप फोटोच्या गडबडीत ते आठवेल याची खात्री कोण देणार.

आता बॅग. माझी मामेबहीण दुबईत असते. दर दिवाळीला मामी तिला फराळ पाठवते, आणि एके वर्षी अनारसे कुरियरवाल्याने परत केले. कारण अनारशावर खसखस. आपल्याला ती थंड, झोपेला चांगली. अमिराती आणि सिंगापूरच्या कायद्यात ती अफूच्या झाडाचं बी आहे, आत आणायची नाही. अनारसा हातात घेऊन कुणाच्या मनात गुन्हा येईल? औषधांचंही तसंच. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आपल्या घरातल्या डब्यात असतं; अमिरातीत त्यासाठी आधी परवानगी लागते. नाक मोकळं करणारी काही औषधं जपानमध्ये चालत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवी, आणि तीवर औषधाचं मूळ नाव हवं. आपला ब्रँड तिकडच्या केमिस्टला काही सांगत नाही. मामीने सगळ्या पट्ट्या कात्रीने कापून एका डबीत भरल्या होत्या, जागा वाचते म्हणून. नाव, तारीख कचऱ्यात. सगळं पुन्हा विकत आणलं.

दुसऱ्याचं पुडकं न्यायचं नाही, हा नियम मात्र मामीला पटेना. शेजारणीने नैरोबीतल्या भाच्यासाठी लोणचं दिलं होतं. तेव्हा मी तिला मुंबईच्या त्या जोडप्याची गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये नात्यातल्याच बाईने त्यांना कतारची सहल भेट दिली, सोबत एक पुडकं दिलं. दोहाला त्यात चार किलोच्या आसपास चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, मूल तुरुंगात जन्मलं. इथे अमली पदार्थ विभागाने पुडकं देणाऱ्यांचा माग काढला, कागद तिकडे गेले, आणि २०२१ मध्ये ते निर्दोष सुटून घरी आले. पावणेदोन वर्षं गेली. शेजारणीचं लोणचं खरंच लोणचं होतं, आम्ही उघडून पाहिलं. आंब्याचं. ते मामीने पुण्यातच संपवलं.

पुडकं जसं कुणी देतं, तशी नोकरीही देतं. थायलंडला जाणं भारतीयांना सोपं पडतं, म्हणून बँकॉकचं तिकीट आणि ‘डेटा एन्ट्री’चं पत्र एवढ्यावर पोरं निघतात. विमानतळावरून गाडी घेऊन जाते ती सीमेकडे, नदीपलीकडच्या म्यानमारमधल्या म्यावाडीला. तिथे कुंपणात बसवून त्यांच्याकडून फसवणुकीचे फोन करून घेतात. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी असे पाचशेहून जास्त भारतीय परत आणले. त्यांच्यापैकी कुणीही गुगलवर ‘थायलंड सेफ आहे का’ असं विचारलं असतं तर उत्तर ‘हो’ असंच आलं असतं.

मोठ्या उलथापालथींबद्दल जास्त लिहीत नाही, कारण त्यांच्यावर उपाय थोडे आणि कंटाळवाणे आहेत. २०१० मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी भडकला तेव्हा युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद होतं. एप्रिल २०२४ मध्ये अमिरातीत एका दिवसात असा पाऊस झाला की अल ऐनच्या एका ठिकाणी २५४ मिलिमीटरची नोंद झाली, दुबईच्या धावपट्टीवर पाणी साचलं. २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूचं सरकार दोन दिवसांत गेलं आणि विमानतळ बंद पडला, महाराष्ट्रातले पर्यटकही त्यात अडकले. अशा वेळी उपयोगी पडतं ते हातातल्या पिशवीतलं: तीन दिवसांची जादा औषधं, थोडी रोख, चार्जर, आणि वकिलातीचा नंबर कागदावर लिहिलेला. फोनमध्ये नव्हे. पासपोर्ट हरवला तर वकिलात घरी परतण्यापुरता एक कागद देते. त्यासाठी जुन्या पासपोर्टची झेरॉक्स असली की काम भराभर होतं.

कागद हा विषय मी गमतीने काढत नाहीये. २०२४ च्या हजला मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला. तेराशेहून जास्त यात्रेकरू दगावले, आणि सौदी सरकारच्या सांगण्यानुसार त्यांतले ८३ टक्के परवाना न घेता आलेले होते. परवाना नाही म्हणजे थंड तंबू नाही, बस नाही. त्या उन्हात मैलोनमैल पायी. ऊन सगळ्यांना एकच होतं.

आणि स्टेंट. मामाला २०१८ मध्ये बसवलेला. प्रवास विम्याच्या अर्जावर ‘आधीचा आजार’ या रकान्यात त्याने ‘नाही’ लिहिलं होतं. “त्यांना कशाला सांगायचं? उगाच हप्ता वाढवतात.” चाळीस वर्षं बँकेत लोकांचे अर्ज तपासलेला माणूस! परदेशी इस्पितळात दाखल केलं की डॉक्टर पहिल्यांदा पूर्वीचं विचारतात, आणि छातीत कळ आलेला माणूस तिथे खोटं बोलत नाही. केसपेपरवर पहिल्या ओळीत स्टेंट येतो. विमा कंपनी तोच पेपर मागवते, अर्जाशेजारी ठेवते. झालं. शेंगेन देशांच्या व्हिसाला तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं म्हणून लोक तेवढ्यापुरती पॉलिसी काढतात, आणि साठीच्या पुढच्यांसाठी खोलीभाड्याला, शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा घातलीय ते चौदाव्या पानावर असतं. मामाने अर्ज पुन्हा भरला. हप्ता वाढला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

केनियात आणखी एक सोय आहे, ती मला फार आवडते. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून ‘फ्लाइंग डॉक्टर्स’ १९५७ पासून चालू आहेत: माराच्या गवताळ धावपट्टीवर छोटं विमान उतरवून आजाऱ्याला शहरात आणतात. पर्यटकांना ठरावीक दिवसांची वर्गणी भरून ते संरक्षण घेता येतं. मामाला हे पटलं. विमान हा शब्द आल्यामुळे असेल.

१७ ऑगस्टला पहाटे मी त्यांना आणायला मुंबई विमानतळावर गेले. मामी ट्रॉली ढकलत बाहेर आली, खांद्याला माहेरची जुनी कापडी पिशवी. सिंह दिसले, झोपलेले. नदी ओलांडताना विल्डबीस्टही दिसले, पण मामाच्या फोनची बॅटरी तेव्हाच संपली. घाटात पट्टा लावायला गाडीतल्या तिघांनी नकार दिला आणि चालकाने गाडी उभी करून, इंजिन बंद करून, हाताची घडी घातली. मामी हे मोठ्या कौतुकाने सांगत होती. त्यातला एक मामा होता, हे मला घरी गेल्यावर कळलं.

“आणि ते पिवळं कार्ड?” मी विचारलं.

आत आरोग्य विभागाच्या टेबलाशी रांग होती. मामीने पिशवीतून दोन्ही पुस्तिका काढल्या. समोरच्या माणसाने तारीख पाहिली, दुसरी पाहिली आणि जा म्हणाला.

“दोन सेकंद बघितलं फक्त,” मामी म्हणाली. “त्या दोन सेकंदांसाठी माझा दंड चार दिवस दुखत होता.” मग ती थांबली. त्यांच्या विमानातल्या एका मुलाला बाजूला बसवून ठेवलं होतं, कार्ड घरी विसरला म्हणत होता. मामीने जाता जाता त्याला आपला उरलेला चिवडा दिला होता, कागदाच्या पुडीत बांधून.